सिस्टर मार्सेलिनचा अंतोनी

सिस्टर मार्सेलिन गेल्या, हे मला एका मेसेजवरून कळलं. जोडलेले हात, मेणबत्त्या, पांढरी कबुतरं आणि मधोमध सिस्टरांचा फोटो... खाली लिहिलं होतं, ‘आपल्या कॉलनीचं भूषण, त्यागमूर्ती, करुणेचा सागर.’ मी चष्मा लावून तो मेसेज दोनदा वाचला. एकदा बातमी नीट कळावी म्हणून, आणि दुसऱ्यांदा त्याखालचं नाव तपासायला. नाव बरोबर होतं. हैदराबादेतल्या दिलसुखनगरच्या मागे असलेल्या एका कॉलनीच्या वेलफेअर कमिटीचे ते अध्यक्ष. याच गृहस्थांनी भर उन्हाळ्यात सिस्टरांना आणि त्यांच्या घरातल्या बायकांना कॉलनीतून उठवलं होतं. मला तो मेसेज पुढे पाठवला होता माझ्या मुलाने, निखिलने. तो त्याच कॉलनीत राहतो. मेसेजखाली त्याने लिहिलं होतं, “आई, वाईट झालं.”

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. माणूस गेलं की राग हळूहळू निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही. सिस्टरांवर लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, थोडं थांबावं, मन शांत होऊ द्यावं, मग चार चांगल्या ओळी सुचतील. पण शांत मनाने लिहिलेल्या चार चांगल्या ओळी त्या अध्यक्षांनी आधीच लिहून टाकल्यात. मला तशा लिहायच्या नाहीत.

आमची ओळख कोठीच्या बाजारात झाली. मी विद्यानगरहून नातीची पुस्तकं घ्यायला गेले होते. दवाखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, फुटपाथवर, राखाडी साडीतली एक नन चक्क मांडी घालून बसली होती आणि समोरच्या बाईशी मराठीत बोलत होती. कोठीच्या गर्दीत मराठी कानावर पडलं की मान आपोआप वळते. समोरची बाई म्हणजे चिंध्यांचं एक बोचकं होतं. केसांच्या जटा, पायाला जखम, नजर जमिनीवर. जाणारे-येणारे वळसा घालून जात होते. ननने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मराठी ना तू?” मी मान हलवली. “मग बस खाली. ही मराठीच आहे, मघाशी काहीतरी पुटपुटली. पण माझं मराठी वसईचं, तिला परकं वाटतंय. तू बोलून बघ.” ना ओळख ना पाळख, आणि माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी बाई मला सरळ हुकूम सोडत होती. मी बसले. आमचं मूळ घर परभणीकडचं. आजोबा निजामाच्या काळात शिकायला हैदराबादेत आले आणि इथेच राहिले, पण आजीने घरातली बोली कधी सोडली नाही. मला दुसरं काही सुचेना, म्हणून आजी दारात आलेल्या कुणालाही विचारायची तेच विचारलं, “जेवलीस का गं माय?”

त्या बाईने मान वर केली. माझ्याकडे बघून म्हणाली, “कोण वाढतंय?”

ती गिरजा. आणि त्या राखाडी साडीतल्या सिस्टर मार्सेलिन. रिक्षावाले तिघींना घ्यायला तयार होईनात. “अम्मा, वो पागल है, गाडी खराब करती,” असं एकाने तोंडावर सांगितलं. सिस्टर त्याच्या रिक्षासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तेरी अम्मा होती तो क्या करता? बैठने दे.” आवाज चढवलेला नव्हता. पण त्या बाजूला सरणार नाहीत हे त्याला कळलं, आणि त्याने आम्हाला नेलं.

सिस्टरांचं घर म्हणजे त्या कॉलनीतल्या शेवटच्या गल्लीतलं एक जुनं, ऐसपैस, भाड्याचं घर होतं. रस्त्यावर, स्टेशनवर सापडलेल्या, कुठून आलो ते सांगता न येणाऱ्या बायका तिथे राहायच्या. तेलुगू, कन्नड, ओडिया, मराठी... नांदेडकडून येणाऱ्या गाडीत बसवून दिलेल्या कितीतरी बायका काचीगुडा स्टेशनवर उतरतात आणि शहरात विरघळून जातात, हे मला त्या घरात गेल्यावर कळलं. जन्म याच शहरात गेला माझा, पण माहीत नव्हतं. सिस्टर मुळातल्या नर्स. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना त्या धरून आणायच्या, औषधं स्वतःच्या हाताने द्यायच्या, आणि बाई थोडी सावरली की तिचं घर शोधायला निघायच्या. मी त्यांच्याकडे जायला लागले ती गिरजाशी बोलायला म्हणून. पुढे जातच राहिले.

घराच्या पुढच्या खोलीत, कोनाड्यात संत अंतोनीची मूर्ती होती. प्लास्टरची, हातात बाळ येशू, रंग उडालेला, नाकाचा टवका गेलेला. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत अशी त्याची ख्याती. ही मूर्ती सिस्टरांच्या आईची, वसईच्या घरातली. नवी बाई आली की सिस्टर आधी तिला पाणी द्यायच्या, मग कोनाड्यासमोर उभ्या राहून अंतोनीला कळवायच्या, “आली हो एक. बघा आता.” मंगळवारी त्या त्याची नोव्हेना, म्हणजे ठरावीक प्रार्थना, म्हणायच्या, आणि नोव्हेना संपली की त्याच्याशी भांडायच्या. होय, भांडायच्या. कुणाचं गाव सापडत नसलं की, “तुम्हाला ऐकू येत नाही का हल्ली?” असं मी माझ्या कानांनी ऐकलंय. भक्तीत एवढी सलगी मी आधी फक्त माझ्या आजीत पाहिली होती. तिच्या आणि तिच्या बाळकृष्णाच्या.

एकदा मी विचारलं, एवढे संत असताना हाच का? त्या भाजी निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी फ्लोरीमावशीची गोष्ट सांगितली. ही त्यांच्या आईची धाकटी बहीण. बाळंतपणानंतर तिचं मन बिघडलं आणि एक दिवस ती घरातून निघून गेली. “आमचं सगळं घर अंतोनीसमोर गुडघ्यावर बसलं, बाय. आजी, आई, मामा, सगळे. रोज संध्याकाळी. मी लहान होते, मीही बसायचे. फ्लोरीला आणून दे म्हणायचे. पण उठून स्टेशनपर्यंत कुणी गेलं नाही गो. कारण सापडली असती तर तिला घरात घ्यावी लागली असती.” मग म्हणाल्या, “अंतोनीला किती लाज वाटली असेल आमची...” फ्लोरीमावशी कधीच सापडली नाही. सिस्टर एरवी वसईच्या केळीच्या वाड्या, पानवेली, विहिरी, चर्चचा सण असं सगळं रंगवून सांगायच्या. ही गोष्ट मात्र त्यांनी मला त्या एकदाच सांगितली.

गिरजा सावरायला बराच काळ लागला. आधी नाव आलं, मग ‘मंदी’ हे लेकीचं नाव आलं, आणि एका सकाळी चहा पिताना अगदी सहज गावाचं नाव आलं, उंबरवाडी. नांदेड जिल्ह्यातलं, तेलंगणाच्या सीमेलगतचं गाव. सिस्टरांनी तिथल्या पोलीस पाटलाला गाठून खात्री करून घेतली, आणि आम्ही तिघी निघालो. गिरजाने धुतलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं. सगळा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती. गाव जवळ आलं तशी ती एकेक सांगायला लागली... ही शाळा, ह्यो पाटलाचा मळा, हितं आमी कापूस येचायचो. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मला वाटलं, आपण एका आनंदाच्या प्रसंगाला निघालोय.

घर पक्कं होतं, दारात ट्रॅक्टर. गिरजाचा दीर बाहेर आला. तिने डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, “भावजी, म्या आले.” त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्हाला म्हणाला, “नवरा मेल्यावर हिचं डोस्कं फिरलं. कुटं गेली ते कळलं न्हाई. आमच्या लेखी ती मेली. आमी तिचे दिवस घातले, गावजेवण दिलं. आता कशी घेऊ घरात? लोक काय म्हनतील?” गिरजाने आम्हाला आधीच सांगितलं होतं, तिला गाडीत बसवून द्यायला हाच माणूस आला होता. ‘दवाखान्यात नेतो’ म्हणून.

सिस्टरांनी विचारलं, “हिच्या नावाने पितरांचं पान काढता?”

“काढतो की. कावळ्याला ठिवतो दर साली.”

“मग ते आज हिला वाढा. जिवंत आहे. आपल्या हाताने जेवेल.” आणि गिरजाचा हात धरून त्या तिथेच ओट्यावर बसल्या.

मी आयुष्यात बरीच भांडणं पाहिली. बँकेत नोकरी केली, युनियनमध्ये होते. पण असं शांत भांडण पाहिलं नाही. माणसं जमली. आतून बायका डोकावल्या. दीर काहीबाही बोलत राहिला, मग आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. सिस्टर उठल्या नाहीत. ऊन ओट्यावर आलं तरी उठल्या नाहीत. शेवटी समोरच्या घरातली एक म्हातारी रस्ता ओलांडून आली, हातात ताट, त्यात भाकरी आणि पिठलं. कुणाकडेही न बघता तिने ते गिरजासमोर ठेवलं. गिरजा स्वतःच्या घराच्या बंद दारासमोर बसून जेवली. जेवताना तिने म्हातारीला विचारलं, “मव्ही मंदी कुटं दिली?” म्हातारीने गावाचं नाव सांगितलं आणि हळूच म्हणाली, “लेकराला सांगितलं, माय मेली म्हून. लई रडली ती.”

मंदा कापसाच्या रानात होती, कमरेला ओटी बांधलेली. आम्ही बांधावर उभ्या राहिलो. तिने आईला लांबूनच पाहिलं, जवळ आली, आणि मिठी मारायच्या ऐवजी तिच्या खांद्यावर, पाठीवर मुठी मारायला लागली. “कुटं व्हतीस? कुटं व्हतीस तू?” गिरजा मार खात हसत होती. सिस्टरांनी तोंड फिरवलं, आणि मी त्यांना डोळे पुसताना पाहिलं तेवढंच. मंदाचा संसार सासरच्या गोतावळ्यातला, दोन खोल्यांचा. सासरा सरळ माणूस होता. म्हणाला, “पावणी म्हून कवाबी येऊ द्या. पन ठेवून घ्यायाचं जमायचं न्हाई, बाई.” सिस्टर म्हणाल्या, “खरं बोललात, बरं वाटलं.” गिरजा आमच्याबरोबर परत आली. तेव्हापासून मंदा दिवाळीला आईकडे येते. लेकीचं माहेर हैदराबादेतल्या एका ननच्या घरात.

परतीच्या बसमध्ये मी धुमसत होते. म्हणाले, सिस्टर, एवढं शोधलं त्याचं काय झालं? त्या म्हणाल्या, “अंतोनीने त्याचं काम केलं बाय. घर शोधून दिलं. दार उघडणं त्याच्या हातात नाही.” आणि मग, “ह्या बायका हरवलेल्या नसतातच गो. त्यांना टाकलेलं असतं. हरवल्या असं आपण म्हणतो, आपली सोय म्हणून.”

आता कॉलनीबद्दल. सुरुवातीला तिथल्या लोकांना सिस्टरांचं घर चालत होतं. नुसतं चालत नव्हतं, त्यांना त्याचा उपयोगही होत होता. अंतोनीची ख्याती गल्लीभर पसरली होती. कुणाचं सर्टिफिकेट सापडेना, कुणाची गाडीची किल्ली, की बायका सिस्टरांच्या दारात. अध्यक्षांच्या पत्नीची सोन्याची साखळी हरवली, तेव्हा त्या रडत आल्या होत्या. मी तिथेच होते. सिस्टरांनी त्यांच्याबरोबर उभं राहून प्रार्थना म्हटली, चहा पाजला. साखळी त्यांच्याच वॉशिंग मशीनच्या रबरात अडकलेली सापडली. मिठाईचा मोठा डबा आला, तो बायकांनी फस्त केला. रिकामा डबा धुताना सिस्टर म्हणाल्या, “साखळीसाठी सगळे येतात. एवढ्या वर्षांत माझी बायको हरवली, माझी बहीण हरवली म्हणून ह्या दारात किती आले असतील, सांग.”  त्यांनी डबा पुसून फळीवर ठेवला.

मग त्या गल्लीत जुनी घरं पाडून उंच इमारती उभ्या राहायला लागल्या, आणि तेच घर लोकांना खुपायला लागलं. बायका ओरडतात. गेटपाशी उभ्या राहतात. मुलं घाबरतात. फ्लॅट बघायला आलेली माणसं ते घर बघून परत जातात. खरं कारण हे शेवटचं होतं, पण ते कुणी पुढे केलं नाही. पुढे काय केलं, तर नन बायकांना बाटवते. एका सभेत सिस्टरांना बोलावून हे तोंडावर विचारलं गेलं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ह्यांना स्वतःचं नाव आठवत नाही. मी धर्म कुणाचा बदलू?”  ज्या घरात गिरजा रोज तुळशीला पाणी घालायची आणि यल्लम्मा नावाची म्हातारी बोनालूच्या, देवीच्या सणाच्या, दिवशी डोक्यावर मडकं घेऊन अंगणात नाचायची, त्या घराबद्दल ही चर्चा चालली होती. सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन घरमालकाकडे गेलं. मालकाने घर रिकामं करायला सांगितलं. त्यालाही तिथे इमारतच हवी होती.

त्या निवेदनावर निखिलची सही होती. मला ते सुनेकडून कळलं. मी त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “आई, सगळ्यांनीच केली. मी एकट्याने नाही म्हटलं असतं तर उद्या इथे राहायचं कसं? आणि सिस्टरना दुसरीकडे मोठी जागा मिळेल, त्यांच्याही फायद्याचंच आहे.”

“उंबरवाडीचा तो माणूसही हेच म्हणाला होता,” मी म्हटलं. “लोक काय म्हणतील.”

“तू मला त्या माणसासारखा समजतेस?”

 स्वतःच्या मुलाला काय उत्तर द्यायचं असतं अशा वेळी, मला माहीत नाही. आम्ही त्यानंतर भेटत राहिलो, जेवत राहिलो, नातीचे वाढदिवस केले. पण तो प्रश्न आमच्यात तसाच राहिला.

सिस्टरांच्या संस्थेने घटकेसरच्या पुढे, शहराबाहेर एक जागा दिली. सिस्टर कधीच तक्रार करत नसत असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांनी तक्रार केली. मालकाकडे, पोलिसांकडे, स्वतःच्या वरिष्ठांकडे, एका आमदाराच्या माणसाकडे. उन्हाळा तरी जाऊ द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. कुणी ऐकलं नाही. ऐन मे महिन्यात टेम्पोत गाद्या, भांडी, औषधं चढली. अंतोनीची मूर्ती सिस्टरांनी मांडीवर घेतली. आणि बायका भेदरल्या. ज्यांना एकदा घरातून काढून गाडीत बसवलेलं असतं, त्यांना पुन्हा गाडीत बसायला सांगणं म्हणजे काय, हे सही करणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात आलं नसेल. गिरजा दाराची चौकट धरून बसली. सिस्टर तिच्याशेजारी बसल्या आणि तिने हात सोडेपर्यंत बसून राहिल्या.

नव्या जागी पोचल्यावर थोड्याच दिवसांत यल्लम्मा निघून गेली. तिला जुन्या घरी जायचं होतं. ती म्हातारी एवढं अंतर कशी आली देव जाणे, पण ती कॉलनीच्या गेटपर्यंत पोचली. तिथल्या वॉचमनने तिला हाकलून दिलं. त्याने मला नंतर खाली मान घालून सांगितलं, “क्या करूं अम्मा, उनको अंदर नक्को छोडना बोलके ऑर्डर था.” त्याने तिला पाणीसुद्धा दिलं नव्हतं, कारण ते कुणी पाहिलं असतं. सिस्टर रोज उन्हात तिला शोधत फिरल्या. दिलसुखनगर, एल. बी. नगर, मलकपेट, कोठी. पोलीस म्हणायचे, तुम्ही घरी बसा, आम्ही कळवू. फ्लोरीमावशीची भाची घरी बसणार नव्हती. मी कधी बरोबर असायचे, कधी नसायचे. एकदा मी म्हटलं, सिस्टर, आज राहू द्या, तुमचा चेहरा बघा कसा झालाय. त्या म्हणाल्या, “तिचा कसा झाला असेल?” आणि पुढे चालायला लागल्या.

शेवटी यल्लम्मा सापडली. एका उड्डाणपुलाखाली, केळीवाल्याच्या गाड्याशेजारी, तापाने फणफणलेली. तिला घेऊन सिस्टर घरी आल्या आणि त्यांनी अंथरूण धरलं. छातीत कफ, मग न्यूमोनिया, मग हृदय. आमची शेवटची भेट हॉस्पिटलमध्ये झाली. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्या आधी हेच बोलल्या, “यल्लम्मा उठून बसली गो. पेज पिते.” चेहरा असा उजळला होता की मला त्या बऱ्या होतील असं वाटलं. मी कॉलनीचा विषय काढला. काढायला नको होता, पण माझ्याने राहवलं नाही. विचारलं, तुम्ही ह्या लोकांना माफ केलंत का?

 त्या म्हणाल्या, “माफ करणं माझं कामच आहे. करीन. थोडा वेळ लागेल, पण करीन.” मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “तू नको करूस इतक्यात.”

मी त्यांचं ऐकलं आहे.

अंत्यविधीला वसईहून त्यांचे भाऊ आले, उंबरवाडीच्या बाजूने मंदा आली. चर्चमध्ये बायका पुढच्या बाकांवर बसल्या होत्या, सगळ्यांच्या केसांत मोगरा. मिस्सा चालू असताना यल्लम्मा मोठ्याने रडायला लागली, तेव्हा फादर वाचता वाचता थांबले आणि तिचं रडणं संपेपर्यंत थांबून राहिले. मला ते फार बरं वाटलं.

आणि मग कॉलनीने शोकसभा ठेवली. फ्लेक्सवर सिस्टरांचा हसरा फोटो, खाली कमिटीच्या सगळ्यांची नावं. अध्यक्ष बोलले, त्यांच्या पत्नीने साखळीची गोष्ट सांगितली, सगळ्यांचे डोळे ओले झाले. कुणीतरी गल्लीला सिस्टरांचं नाव द्यावं अशी सूचना मांडली. मग मला, जवळची मैत्रीण म्हणून, दोन शब्द बोलायला बोलावलं. मी तेलुगूत सुरुवात केली, पण राग आला की मला हैदराबादी उर्दूच सुचते. मी म्हटलं, तुम्ही जिचं वर्णन करताय त्या बाईला मी ओळखत नाही. माझी मैत्रीण त्यागमूर्ती नव्हती. तिला हे घर हवं होतं, तिने ते तुमच्याकडे मागितलं होतं, तुम्ही दिलं नाही. यल्लम्मा तुमच्या गेटवर आली होती, तुम्ही तिला हाकललंत. तिला शोधताना सिस्टर गेल्या. गल्लीला नाव द्यायचं तर खुशाल द्या, पण आधी गेटवरची ती ऑर्डर काढा.

 माईक माझ्या हातातून अगदी नम्रपणे काढून घेण्यात आला. दोन मिनिटांचं मौन झालं. मग समोसे आणि चहा आला, आणि एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. मी चहा न घेता निघाले. निखिल शेवटच्या रांगेत उभा होता. तो मागून आला, म्हणाला, “सोडतो तुला.” त्याने मला विद्यानगरला घरी सोडलं.

गल्लीला नाव मिळालं की नाही, मला माहीत नाही. ऑर्डर कायम आहे, हे वॉचमनने सांगितलं.

गेल्या आठवड्यात मी घटकेसरला जायला निघाले तर निखिल म्हणाला, मी येतो गाडी घेऊन. तिथे पोचल्यावर तो गाडीतच बसून राहिला. मीही त्याला चल म्हटलं नाही. आता तिथलं सगळं सिस्टर ज्योती बघतात, तरुण आहेत, गुंटूरकडच्या. त्यांनी सांगितलं, काल स्टेशनवरून एक नवी बाई आलीय, कुठली ते कळत नाही, मागच्या अंगणात आहे.

सिस्टर मार्सेलिनची एक गोष्ट सांगायची राहिली. दवाखान्यांत, सरकारी आश्रमांत अशा बायकांचे केस सरळ कापून टाकतात. उवा, जटा, कोण निस्तरणार? सिस्टरांनी त्यांच्या घरात कुणाच्या केसाला कात्री लावू दिली नाही. खोबरेल तेलाची बाटली घेऊन त्या बाईच्या मागे बसायच्या आणि जट बोटांनी सोडवायच्या. एकेका बाईला कितीतरी दिवस लागत. ‘हिचं सगळं कुणी ना कुणी घेतलंय, केस तरी राहू दे,’ म्हणायच्या.

मागच्या अंगणात गिरजा बसली होती. पुढ्यात ती नवी बाई, गुडघ्यांत डोकं घातलेली. गिरजाची बोटं तेलाने माखलेली, आणि तोंडाने ती तिला स्वतःचं गाव सांगत होती. नदी कुठून वळते, शाळा कुठे, मळा कुणाचा, पाण्याला जायची वाट कोणती. दिराचं घरही तिने त्याच सुरात सांगितलं, दारात ट्रॅक्टर हाय म्हणून. त्या घराचं नाव ऐकूनही माझ्या कपाळाची शीर उठली. तिची बोटं मात्र थांबली नाहीत. मला पाहून ती म्हणाली, “बसा बाई. ह्या अंगाची लई घट्ट हाय, तुमी धरा.” मी पदर खोचून बसले. तेल संपत आलं होतं. गिरजाने मान वर करून घराच्या कडेने दिसणाऱ्या फाटकाकडे पाहिलं आणि गाडीत बसलेल्या माझ्या मुलाला हाक मारली, “ए दादा, रिकामाच बसलास नव्हं? कोपऱ्यावर दुकान हाय, खोबऱ्याचं तेल घिऊन ये. मोठी बाटली आन.”

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं नाही. माझ्या बोटांत ती जट होती, आणि तिच्या आत कुठेतरी एक केस सुटा व्हायला लागला होता.